लेकराच्या आठवणीत चालायचं असेल तर

माझा धाकटा सतरा वर्षांचा असताना आत्महत्येने गेला. हा शब्द तोंडातून बाहेर पडायला मला सात महिने लागले. तोवर कुणी विचारलं की आम्ही 'अचानक गेला' एवढंच सांगायचो आणि समोरचा मान खाली घालून गप्प व्हायचा, कारण खरं त्यालाही ठाऊक असायचं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या ताईला विचारलं, ती नको म्हणाली. तिच्या शब्दाबाहेर मी जात नाही.

मी एसटीत वाहक होतो, सत्तावीस वर्षं. आता निवृत्त आहे, गुहागरातच असतो. गेली पाच वर्षं आम्ही त्याच्या आठवणीत समुद्राच्या पुळणीवरून, वाळूतून चालतो आणि त्या निमित्ताने थोडे पैसे जमवतो. पहिल्या वर्षी साठेक माणसं होती, गेल्या वर्षी सव्वादोनशे. अलीकडे दुसऱ्या तालुक्यांतले आईबाप दारात येतात. चहा घेतात, गप्प बसतात, आणि उठता उठता विचारतात, "भाऊ, आमच्याकडे करायचं तर कसं?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवात घरातून करा. मला लोकांना बोलवायचं होतं, पण त्याच्या आईला नको होतं. ती म्हणाली, "गावाला दाखवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही." मी ऐकलं नाही. पहिल्या वर्षी ती आलीच नाही, घरी पेज शिजवत बसली. आज वाटतं, एक वर्ष थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, भावंडांना तर नक्कीच. फोटो लावायचा का, कुठला लावायचा, नाव घ्यायचं का, वर्तमानपत्रात द्यायचं का, या प्रत्येक गोष्टीला एकाचा जरी नकार असला तरी ती गोष्ट करू नका.

दिवस कोणता धरायचा

आम्ही पहिल्यांदा वर्षश्राद्धाच्याच दिवशी, संध्याकाळी, मेणबत्त्या घेऊन निघालो. सकाळी भटजी येऊन गेलेले, घरात कुणी धड जेवलेलं नाही, आणि संध्याकाळी साठ माणसांसमोर उभं राहायचं. मला बोलताच येईना. शिवाय संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा सुटतो, एक मेणबत्ती टिकली नाही. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद असतो आणि ऊन माडांच्या मागे अडलेलं असतं. तेव्हापासून आम्ही सकाळीच चालतो. श्राद्धाचा दिवस घरच्यांसाठी ठेवा, चालायचा दिवस वेगळा धरा.

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, २००३पासून पाळतात. शहरांत त्या दिवशी कार्यक्रम होतात. आपल्याकडे तो गणपतीच्या आगेमागे येतो. घरोघरी चाकरमानी आलेले असतात, पाऊस असतो, समुद्र खवळलेला असतो. शिमग्यात पालख्या असतात, एप्रिल-मे आंब्यात जातो. आम्ही जानेवारी धरला. पौषात लग्नं नसल्यामुळे रविवार मोकळा मिळतो, आणि दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा पुढ्यात असतात. त्या आधी मुलांपर्यंत मदतीचा एक नंबर आणि चार शब्द पोहोचावेत हा आमचा हेतू.

पुळणीवर चालायचं तर ओहोटी पाहिजे. भरतीत मऊ वाळूतून म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही. असगोलीच्या, होडीवर जन्म काढलेल्या एका काकांनी मला हिशेब शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. द्वितीया असेल तर दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या होऊन गेल्यावर द्वितीया-तृतीयेच्या जवळ येणारा रविवार मी कॅलेंडरात शोधतो. उधाणाचे दिवस असल्याने पुळण चांगली रुंद उघडी पडते आणि ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते. काकांचा हिशेब झाला तरी बंदर खात्याच्या भरतीच्या तक्त्यावरून वेळ पडताळून घ्या.

आणखी एक. नोव्हेंबरपासून पुढे उन्हाळ्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गुहागर, वेळास, आंजर्ले, सगळीकडे. उजेडाने मादी माघारी फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे सरकतात. त्यामुळे अंधारात मशाली, मेणबत्त्या, मोबाइलचे टॉर्च घेऊन वाळूवर उतरू नका. आदल्या आठवड्यात कासवमित्रांना भेटा, घरटी कुठे आहेत ते विचारून घ्या. आम्ही निघतो उजाडल्यावर, सव्वासातला, आणि फक्त ओल्या वाळूवरून जातो.

परवानग्यांचं फार टेन्शन घेऊ नका. आम्ही महिनाभर आधी तीन अर्ज देतो : नगरपंचायत, पोलीस ठाणे आणि मेरीटाईम बोर्डाचं बंदर कार्यालय. तुमच्याकडे नगरपंचायतीच्या जागी ग्रामपंचायत असेल. अर्जात किती माणसं, कुठून कुठे, किती ते किती, स्पीकर आहे की नाही, हे लिहा आणि पोचेचा शिक्का मारलेली प्रत खिशात ठेवा. आम्ही स्पीकर लावत नाही. जीवरक्षकांना सांगून ठेवतो. त्या दिवशी कुणीही पाण्यात उतरत नाही, हे सुरुवातीलाच बजावतो.

पैशाचं

पहिल्या वर्षी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरवला. तेवीस हजार चारशे दहा रुपये जमले. सत्तावीस वर्षं रोज रात्री तिकिटांचा आणि पैशांचा मेळ घालून झोपलेला माणूस मी, आणि त्या डब्याची एकही पावती माझ्याकडे नव्हती. आठवड्याने नाक्यावर कुणीतरी म्हणालं, पोराच्या नावावर पैसे गोळा केले. ते मी अजून विसरलेलो नाही.

तुम्ही असं करू नका. सार्वजनिक पैसा गोळा करायचा तर नोंदणीकृत ट्रस्ट हवा, नाहीतर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. सगळ्यात सोपं म्हणजे तालुक्यातल्या एखाद्या जुन्या, विश्वासाच्या ट्रस्टला विचारा आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. स्वतःचा क्यूआर कोड कुठेही लावू नका, भावाचाही नको. ट्रस्टकडे ८०जी असेल तर देणाऱ्याला जुन्या करपद्धतीत सवलत मिळते, पण दोन हजारांवर रोख दिली तर नाही. दहा रुपयांचीही पावती फाडा.

पैसे कशासाठी हे आधी ठरवा, आणि एकच काम ठरवा. आमचं काम तिकिटाचं आहे. गुहागरातून एखाद्या पोराला रत्नागिरीला, जिल्हा रुग्णालयात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवायचं म्हणजे चिपळूणवरून जाऊन-येऊन सगळा दिवस जातो. बायकांना मार्च २०२३पासून एसटीत निम्मं तिकीट आहे, म्हणून पहिल्या खेपेला आई घेऊन जाते. डॉक्टर औषध देतात, पुढच्या महिन्यात या म्हणतात. या औषधांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे लागतात. तोवर घरात 'काही फरक नाही' असं बोलणं सुरू होतं, मजुरी बुडालेली असते, आणि दुसरी खेप होत नाही. वाहक म्हणून मी अशा आया पाहिल्या आहेत. एकदा येताना दिसल्या, पुन्हा कधी दिसल्या नाहीत. आमचा निधी दुसऱ्या खेपेपासून पुढचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि दुपारचं जेवण यासाठी आहे. कुणाला दिलं ते कुणालाच सांगत नाही, ट्रस्टचे दोघे सोडून. किती जमले, किती गेले, शिल्लक किती, तेवढं कागदावर लिहून लावतो.

काय बोलायचं आणि काय नाही

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली.

पहिल्या वर्षी बोलायला मला जमेना म्हणून एका पाहुण्यांना पुढे केलं. ते भल्या मनाचे होते. त्यांनी सगळं सांगितलं : कुठे, कसं, आदल्या रात्री काय झालं. शेवटी म्हणाले, "आता तो सगळ्या त्रासातून सुटला." मी समोर पाहिलं. कडेला सुरूच्या झाडाखाली त्याच्या वर्गातली तिघं उभी होती आणि डोळे न हलवता ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यापैकी एकाची आई माझ्या दारात उभी. रात्री पोराने मित्राला मेसेज केला होता, मित्राने तिला उठवलं, म्हणून ती पोचली. तो पोरगा आज चिपळूणला कॉलेजात आहे आणि दरवर्षी चालायला येतो. पण त्या सकाळी मी तिच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे बोलत नाहीत. मी तीन मिनिटं बोलतो, कागदावर लिहून आणलेलं. तो कागद आधी एका समुपदेशक बाईंना दाखवतो. कसं आणि कुठे झालं, चिठ्ठी होती का, यातलं काही त्यात नसतं. 'सुटला', 'शांत झाला', 'देवाला आवडला' हे शब्द नसतात, कारण समोर उभ्या असलेल्या दमलेल्या पोराला त्यातून वाट दिसते. मार्क, मुलगी, मोबाइल असं एक कारणही मी देत नाही. वर्षभर मी एकच कारण शोधत होतो, सापडलं नाही. असतं ते पुष्कळ गोष्टींचं ओझं, आणि त्यात बहुतेक वेळा न ओळखलेला आजार असतो. 'प्रयत्न फसला' असंही म्हणत नाही. तो वाचला, असं म्हणतो.

मग बोलतो काय? त्याला ओहोटीला खडपात खेकडे धरायला आवडायचं. तो वर्गात सगळ्यांत उंच होता आणि फोटोत नेहमी वाकून उभा राहायचा. माझ्या गाडीवर बसला की मागच्या सीटवरून दोरी ओढून घंटी द्यायचा. त्याला बरं नव्हतं, ते मला कळलं नाही. एवढं सांगून पुढे वाचतो : "तुमच्यात कुणाला जगणं जड झालं असेल तर आज एकटे घरी जाऊ नका. त्या दोन खुर्च्यांकडे जा, नाहीतर माझा हात धरा. रात्री-बेरात्री १४४१६ लावा." खुर्च्यांचं पुढे सांगतो. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२पासून आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. लहान मुलांसाठी १०९८ आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२.

नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावू नका. माझ्या मेव्हण्याने दहा फुटी छापून आणला होता, प्रेमानेच. पण पोरं त्याचे फोटो स्टेटसला ठेवतात, आणि ज्याला आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटतं त्याला तो फ्लेक्स काहीतरी वेगळंच सांगतो. आम्ही एकच फोटो ठेवतो, वहीएवढा, शाळेच्या सहलीतला, हार न घातलेला. वार्ताहर आले तर त्यांना लिहिलेला कागद द्या, नंबर बातमीच्या शेवटी छापायची विनंती करा, आणि मथळ्यात 'आत्महत्या' हा शब्द नको असं स्पष्ट सांगा.

आकडे मी चालणाऱ्यांना सांगत नाही. पण मुख्याध्यापकांकडे परवानगीला जातो तेव्हा सांगतो. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली. त्यातली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत जास्त. विद्यार्थी १३,०४४. एका गाडीत चव्वेचाळीस सीट धरल्या तर ते जवळपास तीनशे भरलेल्या गाड्या होतात. हे ऐकल्यावर आजवर कुणी मला 'आमच्या शाळेत असलं काही नाही' म्हणालेलं नाही. मुलांपुढे मात्र हा आकडा ठेवू नका. एवढे जातात म्हटलं की ती गोष्ट त्यांना सवयीची वाटायला लागते.

दोन खुर्च्या

ही कल्पना त्या समुपदेशक बाईंची. गर्दीपासून पन्नास पावलं लांब, सुरूच्या सावलीत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, दोन्ही समुद्राकडे तोंड करून. समोरासमोर बसलं की माणूस आखडतो. एका खुर्चीवर जाणकार माणूस, दुसरी रिकामी. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात, त्यांना तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत महिनाभर आधी पत्र द्या. आशाताईंनाही बोलवा, कुठल्या घरात काय चाललंय ते त्यांना आधी कळतं. जाणकार माणूस मिळाला नाही तर चाल पुढे ढकला. आम्ही एका वर्षी पंधरा दिवस ढकलली होती.

खुर्चीवर कोण बसलं हे कुणी बघायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. तिसऱ्या वर्षी एक बाई बसल्या. त्यांची मुलगी वाचली होती, पण केस होईल या भीतीने त्यांनी तिला पुन्हा दवाखान्यात नेलं नव्हतं. त्यांना सांगावं लागलं की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम ११५ मध्ये, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात. त्याला शिक्षा करत नाहीत, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. त्या दोनदा म्हणाल्या, "नक्की ना?" मंगळवारी त्या मुलीला घेऊन गेल्या.

आणि तुमच्याकडेच कुणी येऊन काही अर्धवट बोललं तर घाबरू नका, विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने डोक्यात येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून छाती हलकी होते. हो म्हणाला तर त्याला एक क्षणही एकटं सोडू नका. खुर्चीकडे न्या, नाहीतर स्पीकरवर १४४१६ लावा, घरच्यांपैकी त्याच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा. घरच्यांना सांगा की गोळ्या आणि बागेच्या फवारणीची औषधं आजच कुलपात जाऊ देत, किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवली तरी चालेल. जानेवारीत मोहोरावर फवारण्या चालू असतात, ती औषधं पडवीत उघडी पडलेली असतात. 'कुणाला सांगू नका' अशी शपथ मात्र घेऊ नका.

चालताना

स्टँडजवळून पुळणीवर उतरतो, असगोलीच्या बाजूला दीड किलोमीटर जातो आणि तसेच परत येतो. घोषणा नाहीत, बॅनर नाही. दोघा-दोघांनी चालायचं, ज्याच्याशी एरवी बोलणं होत नाही अशा माणसाबरोबर. आपल्याकडे बापलेक समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, बाजूबाजूने चालताना बोलतात. सगळ्यांच्या मागे मी स्वतः राहतो, जुन्या सवयीने माणसं मोजत. निघताना मोजलेली आणि परत आलेली जुळली पाहिजेत. अठराच्या आतल्या मुलांबरोबर घरचं मोठं माणूस असल्याशिवाय त्यांना घेऊ नका. त्याच्या मित्रांना स्वयंसेवक करू नका, तीही दुःखातलीच आहेत.

वळायच्या जागी सगळे थांबतात. ज्यांनी कुणाला असं गमावलंय त्यांनी हवं तर फक्त नाव घ्यायचं. कसं, कधी, काही नाही. पहिल्या सकाळी तीन नावं आली. गेल्या वर्षी एकोणीस. एका सत्तरीच्या आजींनी भावाचं नाव घेतलं आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेला तेव्हा कळलं की सासूबाईंना एक भाऊ होता.

परत आल्यावर उकड्या तांदळाची पेज, मेतकूट, लिंबाचं लोणचं. भाषण नाही. खायला बसवा म्हणजे माणसं लगेच पांगत नाहीत, आणि ज्याला बोलायचं असतं तो बहुतेक पेज पिताना बोलतो.

रविवारी संध्याकाळी घर एकदम रिकामं होतं, त्याची तयारी ठेवा. आमच्याकडे ताई सोमवारची रजा काढते. मी सोमवारी ट्रस्टबरोबर पावत्यांचा मेळ घालतो, भाड्याच्या खुर्च्या आणि पातेली परत करतो. मंगळवार-बुधवार फोनचे. ज्यांनी नाव घेतलं आणि नंबर दिला त्या प्रत्येकाला आम्ही फोन करतो. "पोचलात ना नीट? झोप लागते का?" एवढंच. गेल्या वर्षी एकोणीसपैकी सहा फोन त्याच्या आईने केले. चालायलाही ती आता येते, पण पेज अजून तीच शिजवते, पहाटे साडेतीनला चूल पेटवून.

परवा नवीन कॅलेंडर घरी आलं. मी चष्मा शोधत होतो, तर तिने जानेवारीचं पान काढून द्वितीयेजवळच्या रविवारी पेन्सिलीने गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, तांदूळ पंधरा किलो.